दादाच्या वेळी हा रकाना कुठे होता?



उन्हाळा लागला की मी दरवर्षी वाळवणांवर लिहिते. यंदाही गच्चीवर मुगाचे पापड आहेतच, पण घरातली खरी धांदल वेगळी आहे. आमच्या नातीची बारावी कॉमर्सची परीक्षा झाली. आता पुढे कुठे शिकायचं यावर रोज सभा भरते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात, त्यामुळे सभेला वेळ भरपूर. दिल्लीचं श्रीराम कॉलेज, पुण्याचं बी.एम.सी.सी., मुंबईचं सिडनहॅम, नाहीतर अमरावती, नाहीतर इथंच कारंज्यात. मुलगा मोबाइलवर रँक वाचून दाखवतो, सूनबाई फी सांगते, आणि घरचे मोठे मालक फक्त एवढंच विचारतात, "गाडी किती वाजता पोचते?"

मी पडले घरातली जुनी बी.कॉम. त्यामुळे वही माझ्याकडे आली. मीही हौसेनं पट्टी घेऊन रकाने आखले. कॉलेजचं नाव, रँक, फी, राहण्याचा खर्च, अंतर, आणि शेवटी जेवण. जेवणाच्या रकान्यात दिल्लीपुढे मी फुली मारली, मुंबईपुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि कारंज्यापुढे छान बरोबरची खूण केली.

नातीनं वही पाहिली. रागावली नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "आज्जी, दादाच्या वेळी हा रकाना कुठे होता?"

नव्हता. दोन वर्षांपूर्वी नातवाला पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवताना आम्ही रँक पाहिली, फी पाहिली आणि पेढे वाटले. त्याचं जेवण हा आमच्या दृष्टीनं नंतर बघायचा विषय होता. मेसमध्ये बटाटा असतोच हे त्यानं दिवाळीत सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस तोंड पाडून बसले आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या बॅगेत खाकऱ्याचे चार पुडे जास्त भरले. बस, एवढ्यावर ते मिटलं.

नातीच्या प्रश्नानं मला झोप लागली नाही, त्याचं कारण अजून जुनं आहे.

मी १९८२ साली वाशिमला बी.कॉम. झाले. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. वाशिम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. मला एम.कॉम. करायचं होतं आणि त्यासाठी नागपूरला राहावं लागणार होतं. आमच्या सरांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पाठवा." वडील वाईट नव्हते, त्यांनी सरांना मानानं चहा दिला. मग विचारलं, "पाठवीन हो, पण ती जेवेल कुठं?" सरांकडे उत्तर नव्हतं. चहा संपला, माझं शिक्षणही संपलं. त्याच नागपुरात माझा थोरला भाऊ तीन वर्षं खानावळीत जेवला होता. तो काय जेवतो हे कुणी विचारलं नव्हतं.

त्रेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न मी वहीत रकाना आखून विचारला. वडिलांनी तोंडी विचारला होता, मी लेखी विचारला, एवढाच फरक.

म्हणून आज तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्याही घरी कुणाची तरी मुलगी, पुतणी, नात याच उंबरठ्यावर उभी असेल. कॉलेजांची तुलना करावी की नाही हा वादच नाही, अवश्य करावी. माझं म्हणणं इतकंच की मुलाला आणि मुलीला एकच वही लावावी.

आधी रँकचं बघू, कारण सगळ्यात मोठा आवाज तिचाच असतो. आपल्या सरकारची एन.आय.आर.एफ. नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात विद्यापीठांना शंभरातले गुण कसे देतात ते मी मुलाकडून समजून घेतलं. शिकवण्याच्या सोयी आणि शिक्षक यांना ३०, संशोधनाला ३०, मुलं पास होऊन पुढे काय करतात याला २०, सगळ्या थरांतली आणि बाहेरगावची मुलं-मुली किती याला १०, आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. कॉलेजांसाठी वाटणी थोडी निराळी असते, पण खाती हीच.

हे ऐकून मला आमचा अकाउंट्सचा तास आठवला. प्रतिमेचे १० गुण म्हणजे आपलं गुडविलच की! दुकान विकताना गुडविलची किंमत धरतात, ती खोटी नसते, पण फडताळ उघडून दाखवताही येत नाही. परदेशातल्या क्यू.एस. क्रमवारीत तर नुसत्या प्राध्यापकांच्या मताला ३० टक्के वजन आहे, आणि पूर्वी ते ४० होतं. जे आधीच नावाजलेलं, त्याचं नाव पुन्हा घेतलं जाणार.

संशोधनाचे ३० गुणही पाहा. पीएच.डी. करणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. आमची नात मात्र बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला जाणार. एखाद्या विद्यापीठात दरवर्षी शेकडो शोधनिबंध निघत असतील, पण तिच्या वर्गात कॉस्टिंग शिकवायला रोज कुणी येतं का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय एन.आय.आर.एफ.मध्ये कॉमर्सची वेगळी यादीच नाही. कला, विज्ञान, वाणिज्य असं सगळं कॉलेजांच्या एकाच यादीत येतं. आणि जी संस्था अर्ज करत नाही ती यादीत दिसत नाही. म्हणजे यादीत नाव नसलं तर कॉलेज वाईटच, असंही नाही.

मग रँक टाकून द्यायची का? नाही. आपण स्वाध्यायात नय शिकतो. एका बाजूनं पाहिलेलं सत्य असतं, पण ते पूर्ण नसतं. रँक हा एक नय आहे. तो धरावा, पण त्यालाच पूर्ण वस्तू समजू नये. आणि कधीकधी तो आपल्या डोळ्यांत अंजनही घालतो. २०१७ ते २०२३, सलग सात वर्षं या कॉलेजांच्या यादीत पहिला नंबर दिल्लीच्या मिरांडा हाउसचा होता, आणि ते फक्त मुलींचं कॉलेज आहे. आमच्या सभेत हे कळल्यावर मालक क्षणभर गाडीची वेळ विचारायची विसरले.

दुसरी गोष्ट विद्यापीठाच्या नावाची. माझ्या पदवीवर नागपूर विद्यापीठ लिहिलं आहे. माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण त्याच कॉलेजात, त्याच खोलीत, त्याच सरांकडे शिकली, पण तिच्या पदवीवर अमरावती विद्यापीठ आहे, कारण १ मे १९८३ ला अमरावतीचं विद्यापीठ निघालं आणि आमची कॉलेजं तिकडे गेली. नागपूरचं १९२३ चं, जुनं आणि मोठ्या नावाचं. म्हणून काय मी तिच्यापेक्षा जास्त शिकले? उलट ताळेबंद तिचा माझ्याआधी जुळायचा. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. शिकणं मात्र कॉलेजच्या वर्गात होतं. आता काही कॉलेजं स्वायत्त झाली आहेत. ती अभ्यासक्रम आणि परीक्षा आपली आपण ठरवतात, पदवी तेवढी विद्यापीठाची असते. तेव्हा "कोणतं विद्यापीठ?" याच्याबरोबर "कोणतं कॉलेज, आणि तिथं शिकवतं कोण?" हेही विचारायला हवं.

आपल्या कारंज्याचंच उदाहरण घ्या. डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवत. ते कॉलेज १९२३ चं, आज आपण त्याला विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखतो. आपल्या मंदिरांच्या भांडारात शतकानुशतकं बांधून ठेवलेल्या पोथ्यांवर त्यांनी काम केलं. त्यातून कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत 'सावयधम्मदोहा', 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश ग्रंथ १९३२ ते १९३४ च्या दरम्यान छापून आले. पुढे १९३९ मध्ये धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला खंड त्यांनी काढला, तोही अमरावतीहून, आणि एकूण सोळा खंड पूर्ण केले. आजच्या क्रमवारीत कुठेतरी खाली असलं असतं अशा गावच्या कॉलेजात हे काम झालं. त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलांना त्या वेळी देशातल्या कोणत्याही मोठ्या विद्यापीठाचा हेवा वाटायचं कारण नव्हतं.

पण हेही सांगते, नाहीतर माझी वही एकतर्फी होईल. हिरालालजी स्वतः मध्य प्रांतातल्या खेड्यातले आणि शिकायला अलाहाबादपर्यंत गेले होते. घर सोडलं म्हणून ते विद्वान झाले, आणि मग आपल्या पोथ्या त्यांना वाचता आल्या. "गावातही सगळं आहे" असं म्हणून मुलीला घरी ठेवायला त्यांचं नाव वापरू नका. मी पहिल्या दिवशी तेच करणार होते.

आता आमच्या नातीचा नेमका प्रश्न. तिला सी.ए. व्हायचं आहे. या परीक्षेत गंमत अशी की देशभर सगळ्यांना पेपर एकच. तुम्ही श्रीराम कॉलेजातून आलात की मंगरुळपीरहून, हे पेपर तपासणाऱ्याला कळत नाही. पण आर्टिकलशिप कुठे करता याला महत्त्व आहे. ती पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या नियमांनी दोन वर्षांची झाली. मोठ्या शहरात मोठ्या कंपन्यांचं ऑडिट बघायला मिळतं, लहान गावात एकाच माणसाकडे सगळ्या प्रकारचं काम हाताखालून जातं. दोन्हींत फायदा आहे. म्हणजे तिच्यासाठी कॉलेजच्या रँकपेक्षा दोन गोष्टी मोठ्या ठरतात. सकाळी कॉलेज करून क्लासला आणि पुढे ऑफिसला जाता येईल का, आणि त्या गावात तिला शिकवणारा सी.ए. कोण भेटेल. दिल्लीला जायचं तर सी.यू.ई.टी. ही वेगळी परीक्षा लागते, तिथं प्रवेश तिच्या गुणांवर होतो आणि बारावीचे मार्क पात्रतेपुरते. तिनं तीही परीक्षा दिली आहे.

कुणाच्या मुलीला इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जायचं असेल तर हिशेब आणखी बदलतो. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेशफेरीतून गेलेल्या आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना, त्या आर्थिक दुर्बल, एस.ई.बी.सी. किंवा ओ.बी.सी. गटात असतील तर, शिक्षण आणि परीक्षेची फी माफ आहे. साधं बी.कॉम. यात बसत नाही. शिवाय २०१४ पासून आपला समाज देशपातळीवर अल्पसंख्याक गणला जातो, आणि जैन संस्थांच्या काही कॉलेजांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. दाखले आधीच काढून ठेवा. निकालानंतर तहसीलमध्ये काय गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको.

आता त्या शेवटच्या रकान्याकडे येते.

जेवणाचा रकाना खोटा नाही. कंदमूळ नको, रात्रीचं जेवण नको, दशलक्षणात एकाशन करायचं, हे आपलं जगणं आहे. कोणी "त्यात काय एवढं" म्हटलं तर मला आजही लागतं. पण आपल्या जुन्या माणसांनी या रकान्याचं काय केलं ते आठवून पाहा. मुंबईचे सेठ माणिकचंद हिराचंद यांनी पाहिलं की मुलं शिकायला शहरात येतात आणि राहण्या-जेवण्यापायी अडतात. "मग येऊ नका" असं ते म्हणाले नाहीत, त्यांनी बोर्डिंगं काढली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून राहिले होते. माणिकचंदांची मुलगी मगनबाई लहान वयात विधवा झाली, तिनं मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि बायकांना शिकवलं. आमच्या कारंज्यातलं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल १९१८ चं. जेवेल कुठं, हा प्रश्न या सगळ्यांनाही पडला होता. त्यांनी त्यावर चूल मांडली. मुलीला घरी बसवायला आपण तोच प्रश्न वापरतो.

गेल्या महिन्यात मी स्वतः फोन करत बसले. मुलांच्या वसतिगृहांचे पत्ते पटापट मिळाले. मुलींचं विचारलं की एक जण दुसऱ्याचा नंबर देई, दुसरा तिसऱ्याचा. शेवटी पुण्यात एके ठिकाणी सोय कळली. संध्याकाळचं जेवण साडेपाचला, पण क्लास सुटतो सातला. मी विचारलं, डबा भरून मिळेल का? तिकडच्या बाई म्हणाल्या, "मिळेल की, मुली साडेपाचला क्लासमध्येच खातात." नऊ मिनिटांचा फोन. माझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच होतं, आणि ते शोधायला तेव्हा कुणी उठलं नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे, थोडी कडू वाटेल. आपण पंचकल्याणकात बोली लावतो, कलशाला, आरतीला मोकळ्या हातानं देतो. द्यावंच. त्यातली एक बोली मुलींच्या वसतिगृहातल्या एका खोलीची असावी. ज्ञानदान आपल्या चार दानांत आहे, आणि शहरात शिकायला गेलेल्या मुलीच्या बाबतीत आहारदान आणि अभयदानही त्याच खोलीत येतं. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावी तुम्ही मांडा.

नियम मोडेल याची भीती मलाही आहे. पण खरं सांगू? नातवानं बटाटा खाल्ला तेव्हा मी धर्म बुडाला असं म्हटलं नाही, तो लहान आहे, समजेल म्हटलं. मग नातीवर एवढा अविश्वास का? ती तर नवव्या वर्षापासून स्वतःहून दिवसाबरोबर जेवते. घरात कडी लावून पाळलेला नियम माझा असतो, बाहेर राहून पाळलेला तिचा असेल.

वही मी नव्यानं आखली. तिच्यात आता दोन पानं आहेत. डाव्या पानावर नातवाचं पुणे, मागच्या तारखेनं भरलेलं, जेवण आणि अंतर या रकान्यांसकट. उजव्या पानावर नातीची पाच कॉलेजं. रकाने दोन्हीकडे तेच. नवीन घातले ते असे: शिकवतं कोण, त्या कॉलेजात आत्ता शिकणाऱ्या दोन मुली काय म्हणतात, तीन वर्षांचा मिळून खर्च किती, अडीअडचणीला पोचायला किती तास. शेवटच्या रकान्यानं मालकांचंही समाधान झालं. माझ्या लहानपणी शकुंतलेत बसून मूर्तिजापूर गाठायचं आणि तिथून मोठी गाडी धरायची. आता समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. अंतर तेवढंच असलं तरी नागपूर आणि मुंबई दोन्ही जवळ आली आहेत.

सगळ्यात शेवटचा रकाना मी कोरा ठेवला आणि वही नातीला दिली. त्यावर मी काही लिहिलं नाही. तिनंच वर लिहिलं, "मला कुठे जायचं आहे". खाली अजून काही भरलेलं नाही. दिल्लीच्या परीक्षेचे गुण यायचे आहेत, बारावीचा निकालही यायचा आहे. ती पुण्याला गेली तर मला आवडेल, दिल्लीला गेली तर मी रडेन, आणि कारंज्यातच राहायचं म्हणाली तर तिला दोनदा विचारीन की हे तू ठरवलंस की आमच्याकडे बघून.

तुमच्या घरच्या वहीत कोणते रकाने आहेत ते मला कळवा. आणि घरात मुलगाही शिकून बाहेर पडला असेल तर त्याचंही पान एकदा भरून बघा.

पापड वाळले आहेत, उतरवायला जाते. जय जिनेंद्र.